गरोदरपणातील मारहाण : न विचारला जाणारा प्रश्न

गरोदर स्त्री पहिल्यांदा तपासणीला आली की आम्हा डॉक्टरांचे प्रश्न ठरलेले असतात. शेवटची पाळी कधी आली? आधीची बाळंतपणे कशी झाली? घरात कोणाला मधुमेह, रक्तदाब आहे काय? मग वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी, रक्तगट. कार्डावरचे सगळे रकाने भरले जातात. पण एक प्रश्न बहुतेक दवाखान्यांत विचारलाच जात नाही. तो असा : "बाई, घरी तुला कोणी मारते काय?"

हा विषय आरोग्याच्या सदरात कशाला, असे काही वाचकांना वाटेल. नवरा-बायकोचे भांडण घरातले, ते घरातच मिटावे, असे मानणारी मंडळी आपल्याकडे पुष्कळ आहेत. पण ज्या कारणाने आईचा जीव धोक्यात येतो, पोटातले मूल दगावते किंवा दिवस भरण्याआधी जन्माला येते, ते कारण आरोग्याचेच आहे. रक्तदाब वाढला तर आपण त्याला घरची खासगी बाब म्हणत नाही. पोटावर बसलेल्या लाथेला तरी का म्हणावे?

हे प्रमाण किती आहे?

"आमच्या भागात असे होत नाही," हे वाक्य मी चांगल्या शिकलेल्या घरांतही ऐकते. म्हणून आधी आकडे पाहू. पहिला आकडा आपल्या नागपूरशीच संबंधित आहे. दिल्ली, लखनौ, भोपाळ, नागपूर, चेन्नई, वेल्लोर आणि तिरुवनंतपुरम अशा सात ठिकाणी ९,९३८ स्त्रियांची एक मोठी पाहणी झाली. तीत खेड्यातल्या, झोपडपट्टीतल्या आणि शहरातल्या इतर वस्त्यांतल्याही बायका होत्या. त्यातील गरोदरपणाविषयीचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. गरोदर असताना नवऱ्याने कधी ना कधी मारल्याचे १८ टक्के स्त्रियांनी सांगितले. थप्पड खाल्लेल्या १६ टक्के होत्या आणि लाथ खाल्लेल्या ९ टक्के. म्हणजे शंभरातल्या नऊ बायकांनी पोटुशी असताना लाथ खाल्ली होती.

दुसरा आकडा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीचा. तिच्यानुसार देशातील ३.१ टक्के स्त्रियांनी गरोदरपणात मार खाल्ल्याचे सांगितले. कुठे १८ आणि कुठे ३, असे का? दोन्ही पाहण्यांची पद्धत आणि काळ वेगळा, हे एक. आणि असा प्रश्न कसा विचारला, किती वेळ देऊन विचारला, जवळ कोण उभे होते, यावर उत्तर बदलते, हे दुसरे. लहान आकडा धरला तरी हिशेब करून पाहा. ज्या दवाखान्यात दिवसाला शंभर गरोदर बायका तपासल्या जातात, तिथल्या रांगेत अशा तीन बायका रोज उभ्या असतात.

तिसरा आकडा सर्वांत गंभीर आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधकांनी पश्चिम महाराष्ट्रातील सुमारे ४०० खेड्यांत मातामृत्यूंचा अभ्यास केला, तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. गरोदर असताना झालेल्या मृत्यूंपैकी सुमारे १६ टक्के मृत्यूंचा संबंध घरातील हिंसाचाराशी होता. रक्तस्राव, झटके, जंतुसंसर्ग ही मातामृत्यूची कारणे आपल्याला पाठ असतात. या यादीत मारहाणही आहे, हे त्या अभ्यासाने दाखवून दिले. ही फक्त गरीब देशांची गोष्ट आहे असेही नाही. अमेरिकेसारख्या श्रीमंत देशातही गरोदर आणि बाळंतीण स्त्रियांच्या मृत्यूच्या प्रमुख कारणांत खून हे एक कारण आहे.

गरोदरपणातच का?

दिवस गेले की बाईचे लाड होतात, डोहाळे पुरवतात, सातव्या महिन्यात डोहाळजेवण होते. मग मारहाण कशी होते? पुष्कळदा ती आधीपासूनच सुरू असते आणि गरोदरपणातही थांबत नाही. काही घरांत मात्र ती याच काळात सुरू होते किंवा वाढते. बाई थकलेली असते, पूर्वीसारखे काम होत नाही, शरीरसंबंधाला नकार देते. दवाखान्याचा खर्च येतो. पहिले बाळंतपण माहेरी, म्हणून माहेरच्यांनी काय दिले, काय नाही दिले, यावरून बोलणी सुरू होतात. आधीची मुलगी असली तर "या खेपेला काय होते" याची टांगती तलवार असते. आणि कधी नवऱ्याच्या डोक्यात संशय शिरतो, की हे मूल माझे आहे की नाही.

सात शहरांच्या ज्या पाहणीचा उल्लेख केला, तिच्यातही मारहाणीचा सर्वांत जवळचा संबंध दिसला तो नवऱ्याच्या संशयाशी. त्याशिवाय हुंड्यासाठी छळ, नवऱ्याचे बाहेरचे संबंध, रोजची दारू आणि गरिबी या गोष्टी आढळल्या. पण एक फरक ध्यानात ठेवावा. ही सारी निमित्ते आहेत. दारू पिणारा माणूस साहेबाला मारत नाही, पोलिसाला मारत नाही, घरी येऊन बायकोलाच मारतो. कोणाला मारले तर चालून जाते, हे त्याला नशेतही कळत असते.

पोटाला मार बसला तर आत काय होते?

पहिले तीन महिने गर्भाशय कमरेच्या हाडांच्या कटोऱ्यात सुरक्षित असते. त्यानंतर ते वर येते आणि पोटावरचा मार त्याला थेट बसू शकतो. गर्भाशय लवचीक असते. आतली वार तितकी लवचीक नसते. जोराचा धक्का बसला की गर्भाशयाची भिंत ताणली जाते आणि वार तिच्यापासून सुटू शकते. मुलाला प्राणवायू आणि अन्न पुरवणारी एकच वाट म्हणजे ही वार. ती थोडी सुटली तर मुलाची वाढ खुंटते किंवा कळा लवकर सुरू होतात. जास्त सुटली तर मूल पोटातच जाते आणि आईलाही प्रचंड रक्तस्राव होतो.

यातला फसवा भाग असा, की रक्त दरवेळी बाहेर दिसत नाही. ते वारेच्या मागे साचून राहते. बाहेरून एक थेंबही नसतो आणि आत बाई पांढरी पडत असते. शिवाय वार सुटल्याची लक्षणे कधी लगेच दिसत नाहीत, काही तासांनी, क्वचित दुसऱ्या दिवशी दिसतात. म्हणून "रक्त गेले नाही, म्हणजे काही झाले नाही" असे समजू नये. दिवस भरत आलेल्या बाईच्या पोटाला मार बसला असेल, तर बरे वाटत असले तरी तिला रुग्णालयात नेऊन निदान काही तास मुलाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून घ्यावे.

पुढीलपैकी काहीही झाले तर क्षणभरही थांबू नये : अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, पोट लाकडासारखे कडक होणे, सतत दुखणे, घेरी येणे, मुलाची हालचाल कमी होणे किंवा थांबणे. १०८ किंवा १०२ वर फोन केल्यास रुग्णवाहिका मोफत मिळते.

आणखी एक गोष्ट रक्तगटाची. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर पोटाला मार बसल्यावर मुलाचे रक्त तिच्या रक्तात मिसळू शकते आणि त्याचा त्रास पुढच्या मुलालाही होतो. यासाठी ॲन्टी-डी नावाचे इंजेक्शन असते, ते ७२ तासांच्या आत घ्यावे लागते. डॉक्टरला मार बसल्याचे सांगितलेच नाही, तर हे इंजेक्शन त्याला सुचणार कसे?

म्हणूनच खरे सांगणे महत्त्वाचे. "नाही मॅडम, मोरीत घसरली मी," हे उत्तर मी असंख्य वेळा ऐकले आहे. मोरीत घसरणाऱ्या बाईचे ढोपर फुटते, मनगट मुरगळते, कंबर दुखते. तिच्या दंडावर चार बोटांचे वळ उठत नाहीत.

न दिसणारी हिंसा

मारणे म्हणजे फक्त हात उगारणे नव्हे. गरोदर बाईला सगळ्यांच्या शेवटी उरलेसुरले जेवायला देणे, तपासणीला जाऊ न देणे, लोहाच्या गोळ्या फेकून देणे, आठव्या महिन्यात मुद्दाम जड कामाला लावणे, माहेरी फोन करू न देणे, नको असताना शरीरसंबंध लादणे, ही सारी हिंसाच आहे. पहिल्या खेपेच्या मातांना प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पाच हजार रुपये मिळतात. ते तिच्या खात्यात जमा होतात आणि त्याच दिवशी नवरा काढून घेतो, हेही घडते. त्या पैशातून येणारे दूध, फळे, डाळ तिच्या पोटात जात नाहीत आणि पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन कमी आले की बोलणी मात्र तिलाच बसतात.

आणि एक प्रकार सर्वांत क्रूर : मुलीचा गर्भ असेल या भीतीने गर्भपाताची जबरदस्ती. गर्भलिंग तपासणीवर बंधन घालणारा कायदा महाराष्ट्राने १९८८ सालीच केला. १९९४ चा केंद्राचा कायदा त्यानंतर आला. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या बीजावर ठरते, हे शाळेच्या पुस्तकात आहे, तरी मार बाईच खाते. सज्ञान स्त्रीच्या गर्भपातासाठी कायद्याने फक्त तिची स्वतःची संमती लागते, नवऱ्याची सही लागत नाही. उलट तिच्या मनाविरुद्ध गर्भपात घडवून आणणे हा गंभीर गुन्हा असून त्याला जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे.

बाळंतपणानंतर

मूल झाले की सगळे सुरळीत होईल, या आशेवर कितीतरी बायका नऊ महिने काढतात. पण बाळंतपणानंतरचे दिवसही तितकेच नाजूक असतात. मुलगी झाली म्हणून कोणी बघायला येत नाही. सव्वा महिना पुरा होण्याआधीच नवरा अंगाशी येतो. टाके ओले असतात, जंतुसंसर्ग होतो, लगेच पुन्हा दिवस जातात. मूल रात्री रडते, झोप होत नाही, त्यावरूनही हात उठतो.

अशा बाळंतिणीच्या मनावर काय होते ते पाहा. दोन आठवड्यांहून अधिक काळ रडू येणे, बाळाला जवळ घ्यावेसे न वाटणे, भूक-झोप उडणे, मरणाचे विचार येणे, ही बाळंतपणातील नैराश्याची लक्षणे आहेत. "बाहेरचे लागले" म्हणून अंगारे-धुपारे करण्यात वेळ दवडू नये. हा आजार आहे आणि औषधाने बरा होतो. १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर मनाच्या त्रासाबद्दल मोफत बोलता येते. मात्र घरातला मार थांबला नाही तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, हेही तितकेच खरे.

ओळखावे कसे?

आई, बहीण, शेजारीण, आशाताई, अंगणवाडीताई यांच्या नजरेला या खुणा पडू शकतात :

– निरनिराळ्या दिवसांचे, काही काळेनिळे तर काही पिवळे पडलेले वळ; विशेषतः पोट, छाती, दंड, पाठ यांवर.
– जखमेचे कारण आणि जखम यांचा मेळ न बसणे, किंवा दुखापत होऊन दोन-तीन दिवसांनी दवाखान्यात येणे.
– पहिली तपासणी फार उशिरा होणे, पुढच्या तारखा चुकत राहणे.
– तिच्या वतीने सारी उत्तरे नवऱ्याने किंवा सासूने देणे, तिला क्षणभरही एकटी न सोडणे.
– वारंवार गर्भपात, कारण सापडत नसलेली पोटदुखी, डोकेदुखी, निद्रानाश.

यातली एखादी खूण दिसली म्हणजे मारहाण आहेच, असे नव्हे. पण एकांतात, हळुवारपणे विचारून पाहण्याइतके कारण नक्की आहे.

विचारावे कसे?

नवऱ्यासमोर, सासूसमोर कधीही विचारू नये. ती "नाही" म्हणेल आणि घरी गेल्यावर विचारल्याचीही शिक्षा तिलाच होईल. वजन करायला, लघवीचा नमुना द्यायला बाई एकटी आत जाते, तेवढा वेळ पुरतो. मी सहसा असे म्हणते : "पुष्कळ बायकांना घरी त्रास असतो, म्हणून मी सगळ्यांनाच विचारते. तुला आहे काय?" सगळ्यांनाच विचारते म्हटले की तिची लाज कमी होते. पहिल्या वेळी ती बहुधा सांगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी सांगते. तेव्हा "तू काय केलेस?" असे न विचारता "यात तुझी काही चूक नाही" असे म्हणावे. तिला न विचारता नवऱ्याला जाब विचारायला जाऊ नये. रागाचा सारा भार तिच्यावरच पडतो.

हे काम होऊ शकते, याचे उदाहरण आपल्या राज्यातच आहे. मुंबईत वांद्र्याच्या भाभा या महापालिका रुग्णालयात 'सेहत' संस्था आणि महापालिका यांनी मिळून २००० साली 'दिलासा' केंद्र सुरू केले. घरातील हिंसेने पीडित बाईला उपचारांसोबतच समुपदेशन आणि कायद्याची मदत रुग्णालयातच मिळावी, ही त्यामागची कल्पना. पुढे मुंबईच्या इतर रुग्णालयांतही अशी केंद्रे निघाली. आपल्या नागपुरात कमलाबाई होस्पेट आणि वेणूताई नेने यांनी १९२१ साली मातृसेवा संघ सुरू केला, तो बाळंतपणात बायकांची आबाळ होऊ नये म्हणून. त्याच कामाचा हा पुढचा भाग आहे, असे मला वाटते.

त्रास होत असेल तर काय करावे?

१. निदान एका माणसाला सांगा. आई, बहीण, शेजारीण, आशाताई, नर्स. जिच्यावर विश्वास असेल तिला. कोणालाच ठाऊक नसलेल्या मारापासून कोणी वाचवू शकत नाही.

२. मार बसल्यावर दवाखान्यात जा आणि कोणी, कशाने, कुठे मारले ते केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. तक्रार आज करायची नसली तरी हा कागद पुढे उपयोगी पडतो. घरगुती हिंसाचाराच्या तक्रारीचा कागद नाही म्हणून रुग्णालय उपचार नाकारू शकत नाही.

३. भांडण सुरू झाल्यास स्वयंपाकघरात, मोरीत, गच्चीवर जाऊ नका. बाहेर पडायची वाट असेल अशा खोलीत राहा. खाली पडलात तर कुशीवर वळून गुडघे पोटाशी घ्या, हातांनी डोके झाका.

४. तपासणीचे कार्ड, आधार कार्ड, बँकेचे पुस्तक, थोडे पैसे, बाळाचे दोन कपडे एका पिशवीत घालून विश्वासाच्या घरी ठेवा. गळा आवळणे, जीव घेण्याची धमकी, हत्यार दाखवणे यांपैकी काही घडले असेल तर त्या घरात रात्र काढू नका.

५. मदतीचे क्रमांक पाठ करा : तातडीसाठी ११२, महिला मदतवाहिनी १८१, मोफत कायदेशीर सल्ल्यासाठी १५१००. 'सखी' वन स्टॉप सेंटरमध्ये उपचार, पोलिसांची मदत, समुपदेशन आणि काही दिवसांचा निवारा एकाच ठिकाणी मिळतो. नागपूर पोलिसांचा 'भरोसा सेल' २०१७ पासून काम करतो. मेडिकल, मेयो यांसारख्या मोठ्या रुग्णालयांत वैद्यकीय समाजसेवक असतात. नर्सला सांगितले तर त्या भेट घालून देतात.

कायदा काय म्हणतो?

कोर्टात गेले की घटस्फोटच, अशी समजूत आहे. ती खरी नाही. २००५ चा घरगुती हिंसाचार प्रतिबंध कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात मारण्याबरोबरच शिवीगाळ, लैंगिक जबरदस्ती आणि पैशाची अडवणूकही हिंसा मानली आहे. संरक्षण अधिकाऱ्यामार्फत किंवा स्वतःही बाई दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. मार थांबवण्याचा, राहत्या घरातून न काढण्याचा, खर्चाचा, मुलाच्या ताब्याचा आदेश मिळू शकतो. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असले तरी तिला तिथे राहण्याचा हक्क आहे. संरक्षणाचा आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. याखेरीज छळाबद्दलचे जुने ४९८-अ कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आले आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

दोन शब्द घरच्यांसाठी

सासूबाईंना माझी विनंती आहे. तुमच्या घरात मुलगा हात उचलत असेल तर त्याला रोखण्याची ताकद सर्वांत आधी तुमच्यात आहे. "आम्हीही खाल्ला मार, आम्हाला काय झाले?" असे काही जणी म्हणतात. त्या काळी किती मुले पोटात गेली, त्याचे कारण कोणी विचारले नव्हते. उत्तर प्रदेश आणि तामिळनाडूच्या खेड्यांतील एका अभ्यासात, मार खाणाऱ्या बायकांची मुले गर्भात आणि तान्हेपणी अधिक दगावल्याचे १९९८ सालीच दिसून आले. नातवंड हवे असेल तर सुनेला जपा.

मुलीच्या आई-वडिलांनी "दिल्या घरी सुखी राहा" एवढ्यावर थांबू नये. ती आठ महिन्यांची पोटुशी असताना अर्ध्या रात्री दाराशी आली, तर आधी तिला दवाखान्यात न्या, समजुतीच्या बैठका नंतर घ्या.

आणि बाप होणाऱ्या पुरुषांनो, तपासणीला बायकोसोबत जरूर या. तिचे आहार-विश्राम नीट समजून घ्या. दारू सुटत नसेल, राग आवरत नसेल तर त्यावरही उपचार आहेत, ते घ्यायला लाजू नका. मूल पोटात असतानाच आवाज ऐकू लागते. ते पहिल्यांदा काय ऐकणार, हे तुमच्या हातात आहे.

दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. आपल्या ओळखीतील एखादी लेकीबाळी त्या दिवशी जाणार असेल तर वाचकहो, तिच्यासोबत जा. परतताना वाटेत तिला सहज विचारा, घरी सगळे ठीक आहे ना? आणि तिचे उत्तर शांतपणे, शेवटपर्यंत ऐकून घ्या.